तीनशे दोनची बेल

जळाऊ कचऱ्याचा वार होता म्हणून उल्का सकाळी पिशवी घेऊन खाली आली आणि सायकलींच्या छपरापाशी थबकली. तिच्या सायकलच्या हँडलला पिवळी चिठ्ठी बांधलेली होती. तशी ती सगळ्याच सायकलींना होती. दर वर्षी मे महिन्यात टोकियोतल्या ह्या फुनाबोरी भागातल्या बिल्डिंगची कमिटी प्रत्येक सायकलला अशी चिठ्ठी बांधते. जो सायकल वापरतो त्यानं ती आपल्या हातानं काढायची, बस्स. महिनाअखेरीला जिच्यावर चिठ्ठी तशीच राहील ती बेवारस, मग ट्रक येतो आणि तिला उचलून नेतो. किती साधं काम! इतकी वर्षं उल्कानं ते चालता चालता केलं होतं, घड्याळ बघत, तोंडात टोस्टचा तुकडा धरून. यंदा हातच उचलला जाईना. हँडलच्या पुढे तो भलामोठा लाकडी खोका, त्याचा रंग उडालेला, तिन्ही चाकांतली हवा गेलेली, आणि त्या सगळ्यावर ती पिवळीधम्मक चिठ्ठी, नवी कोरी. तिनं कचरा टाकला, कावळ्यांसाठीची जाळी त्यावर नीट पसरली, आणि चिठ्ठीकडे न बघता वर गेली.

तीन आठवडे ती अशीच न बघता गेली. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या एकेक करून नाहीशा झाल्या. मग एक दिवस बिल्डिंग झाडणाऱ्या ओनो-साननी तिला अडवलं. ओनो-सान सत्तरीचे, अतिशय सभ्य, आणि सभ्य माणसं जसं कोंडीत पकडतात तसं दुसरं कुणी पकडत नाही. "उल्का-सान, माफ करा हं, ही मोठी सायकल राहणार की जाणार?" ती म्हणाली, "बघते." ते मान लववून म्हणाले, "नाही, घाई नाही. फक्त नोंदणी तुमच्या नावावर दिसत नाही. मेधा-सान म्हणून कुणी आहेत. ट्रक घेऊन गेला की पोलीस स्टिकरवरच्या नावाला फोन करतात, म्हणून विचारलं." उल्का पायरीवरच उभी राहिली. कावासाकीला मेधाच्या घरात फोन वाजणार, आणि कुणीतरी अदबीनं विचारणार, मेधा-सान आहेत का? मेधा जानेवारीत गेली होती. ते ऐकायला तिचा नवरा संजीव नाहीतर मुलगी रुचा असणार. नाही, एवढं तरी तिनं होऊ देता कामा नये. त्या दुपारी तिनं ऑफिसच्या जिन्यात उभं राहून रुचाला फोन लावला. सायकल टाकायची तर घरच्यांची सही लागेल, असं सांगितलं. रुचा म्हणाली, "हाई हाई, हो मावशी, मी शनिवारी येते ना. आपलं जुनं फुनाबोरी बघायचंच आहे मला." फोन ठेवल्यावर उल्काच्या लक्षात आलं की आपल्याला सही नकोच आहे. आपल्याला रुचाला सायकलच्या किल्लीचं सांगायचं आहे. मेधाला सांगायचं राहिलं, निदान तिच्या मुलीला. चौदा वर्षं छातीत अडकलेलं एक वाक्य: किल्ली माझ्याकडे राहिली होती गं, चुकलं माझं.

सायकल दोघींची होती. उल्का पाचव्या मजल्यावर, मेधा तिसऱ्यावर, तीनशे दोनमध्ये. दोघींचे नवरे मुंबईहून बदलीवर आलेले, उल्काचा अंबरीष एका ट्रेडिंग कंपनीत, मेधाचा संजीव बँकेत. दोघींची पोरं एकाच पाळणाघरात, सौमित्र पाच वर्षांचा, रुचा चारची. देश सोडून निघालेल्या एका डच कुटुंबानं ही सायकल विकायला काढली आणि दोघींनी अर्ध्या-अर्ध्या वाट्यानं घेतली. मेधाचं जपानी बरं, म्हणून नोंदणी तिच्या नावावर. अंबरीष त्या सायकलला हातगाडी म्हणायचा. "केळी विकायला बसलात तर सांगा," म्हणायचा. एक आठवडा उल्कानं दोन्ही मुलांना न्यायचं-आणायचं, एक आठवडा मेधानं. खोक्यात दोघं समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसायची, वर पावसाचं प्लास्टिक, आणि आतून त्यांची जपानी-मराठी खिचडी ऐकू यायची. नदीच्या बांधावर चढ लागला की उल्का हाशहुश करायची आणि आतून दोघं ओरडायची, "गाम्बात्ते, आई! गाम्बात्ते, मावशी!" जोर लाव म्हणून. किल्ल्या दोन होत्या. पैकी एक सौमित्रनं वाळूत खेळताना हरवली. उरलेली एक दर रविवारी संध्याकाळी हातातून हातात जायची, आणि मेधाचा हट्ट असा की नुसती किल्ली द्यायची नाही. कडीच्या छोट्या स्टीलच्या डब्यात काहीतरी खायला घालायचं, वर किल्ली ठेवायची. चकली, नाही तर शंकरपाळे, काहीच नसलं तर निदान चार खजूर. "डबा रिकामा द्यायचा नसतो गं," ती म्हणायची, "माझी आई रिकामा डबा आला की दोन दिवस बोलायची नाही." हसत म्हणायची, पण तिच्या हातून कधी रिकामा डबा आला नाही. कधीच नाही.

चौदा वर्षांपूर्वीच्या मार्चमधल्या त्या शुक्रवारी दुपारी जमीन हलली तेव्हा आठवडा उल्काचा होता. ती पाळणाघरात पोचली तेव्हा मुलं डोक्यावर जाड कापडी टोप्या घालून मैदानात बसलेली. दोघांना खोक्यात घालून ती घरी आली. लिफ्ट बंद. पुढचे चार दिवस दोन्ही घरं मिळून एक घर झालं होतं; पाळणाघर बंद, म्हणून रविवारी किल्ली द्यायचंही राहून गेलं. संजीव हेड ऑफिसच्या कामाला मुंबईत अडकलेला, विमानांना जागा नाही, अंबरीष दिवसरात्र ऑफिसात. दोघी मेधाच्या खोलीत टीव्ही लावून बसायच्या, अणुभट्टीचा तो पांढरा धूर पुन:पुन्हा बघायच्या, धक्का आला की मुलांना टेबलाखाली ढकलायच्या. दुकानांत पाणी नाही, दूध नाही. मंगळवारी मेधा म्हणाली, "हे बघ, तुला गाडी मिळो की मला, विमानतळापर्यंत एकत्र जायचं. पुढचं तिथे उभं राहून बघू. मी बॅग भरून ठेवते." उल्का म्हणाली, "अगं, हे काय सांगायला हवं का?" बुधवारी पहाटे पाच वाजता अंबरीषचा फोन आला. कंपनीची गाडी सहाला खाली येईल, तिकिटं दोन आहेत, तुझं आणि सौमित्रचं, कुणाशी बोलत बसू नकोस, निघ. ती निघाली. गाडीत बसल्याचं तिला आठवतं. ड्रायव्हरच्या पांढऱ्या हातमोज्यांचं आठवतं. मागची अख्खी सीट रिकामी होती आणि तिच्यावर तिची पर्स नुसती पडली होती, हेही आठवतं. पाचव्या मजल्यावरून ती खाली कशी आली ते मात्र आठवत नाही. म्हणजे, लिफ्ट बंद होती तेव्हा जिन्यानंच आली असणार, दुसरी वाट कुठली? पण तिथे आलं की मन पुढे पळायचं, थेट गाडीत जाऊन बसायचं, आणि तिनं त्याला कधी मागे ओढलं नाही.

किल्ली सापडली पुण्यात, सहकारनगरला आईच्या दारात, रिक्षावाल्याला सुटे द्यायला पर्समध्ये हात घातला तेव्हा. किल्लीला रुचानं बांधलेलं छोटं घुंगरू होतं, ते वाजलं. "अगं बाई!" तिच्या तोंडून निघालं. रिक्षावाला म्हणाला, "काय हरवलं का, ताई?" हरवलं नव्हतं, तेच तर झालं होतं. टोकियोच्या नळाच्या पाण्यात काहीतरी निघालंय, लहान बाळांना देऊ नका, अशी बातमी पुढच्याच आठवड्यात आली. दुकानात माणशी एकच बाटली देतात म्हणे. आणि मेधा लहान पोरीला घेऊन एकटी, सायकल खाली कुलपात, किल्ली सहकारनगरला. तिला डोळ्यांसमोर दिसायचं: मेधा दोन हातांत दोन बाटल्या, रुचाचं बोट धरायला तिसरा हात नाही, दुकानामागून दुकान पायी. मेधाचं अंग नाजूक, तिची पाठ आधीच दुखायची. आज कुरिअर करते, उद्या करते, असं म्हणत उल्कानं ती किल्ली पाठवली नाही. कारण पाठवायची तर बरोबर चार ओळी लिहायला लागल्या असत्या. मेधाला फोनही केला नाही. तीन वेळा नंबर काढला आणि तीन वेळा आईनं जेवायला हाक मारली, असं ती स्वतःला सांगत असे. त्या दिवसांत हळूहळू एक गोष्ट घडत गेली. जे काय तिनं केलं होतं ते सगळं त्या किल्लीत जाऊन बसलं. विसरून राहिलेल्या किल्लीबद्दल माणसाला चुटपुट लागू शकते, रडता येतं, आईच्या मांडीवर डोकं ठेवून "माझ्या हातून फार मोठी चूक झाली गं" असंही म्हणता येतं. आई म्हणाली, "एवढ्याशा किल्लीचं काय घेऊन बसलीस!"

मे महिन्यात ती परत आली. सायकल जिथल्या तिथे उभी होती. खोक्यात वाऱ्यानं आलेली दोन पानं आणि बाटलीचं एक निळं झाकण पडलेलं होतं. तिनं ते उचलून फेकलं. संध्याकाळी छोट्या डब्यात चितळ्यांची आंबावडी भरली, वर किल्ली ठेवली आणि तिसऱ्या मजल्यावर गेली. मेधानं दार उघडलं, हसली, "कधी आलीस? आई कशी आहे? सौमित्र काळवंडला का गं उन्हानं?" सगळं अगदी नेहमीसारखं विचारलं. डबा घेतला. किल्ली मात्र बाजूला काढून उल्काच्या तळहातावर ठेवली. "तूच वापर आता. मला नको." उल्काला वाटलं, आता बोलावं. पण आत संजीव होता, परत आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उल्काच्या दाराच्या कडीला पिशवीत अडकवलेला मिळाला. तिनं तिथेच उभ्या उभ्या झाकण काढलं. आत काही नव्हतं. लख्ख धुतलेला, पुसून कोरडा केलेला, रिकामा. मेधा तिला आयुष्यात लागेल असं एक अक्षर बोलली नाही. तेवढा डबा काय तो.

पुढे सहा महिन्यांत मेधा-संजीव कावासाकीला राहायला गेले. जवळच्या माणसाशी औपचारिक होणं किती सोपं असतं! दिवाळीला फोन, गणपतीला फोटो, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात "साडी छान आहे हं". सायकल उल्कानं वापरली. नाही म्हणायची सोय नव्हती आणि पोराला न्यायचंही होतं. नंतर तांदळाची पोती आणली, एकदा गणपती आणला, रुमालानं झाकलेला, आणि सिग्नलला शेजारच्या शाळकरी मुली वाकून बघत होत्या. सौमित्र नऊ वर्षांचा झाल्यावर त्या खोक्यात बसायला लाजू लागला, मग तिच्याबरोबर चालायलाच लाजू लागला, मग सेंदाईच्या युनिव्हर्सिटीत निघून गेला. तरी दर वर्षी ती पिवळी चिठ्ठी काढत राहिली. कुलूप लावताना घुंगरू वाजायचं आणि तिला रोज, अगदी रोज, किल्ली आठवायची. तेवढं एक दुखणं तिनं नीट सांभाळलं, जसं माणूस जुनं औषध सांभाळतं. मागच्या डिसेंबरात ती मेधाला हॉस्पिटलात भेटायला गेली. मेधा इतकीशी झाली होती. "पाणी दे गं जरा," ती म्हणाली. उल्कानं नळीचा पेला तिच्या ओठांना लावला. पाणी! म्हणजे आता तरी बोलावं. "मेधा," ती म्हणाली, "त्या वेळी ती किल्ली..." मेधानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "किल्ली होय," आणि तोंड खिडकीकडे वळवलं. नर्स आली. उल्का कोट घालून निघाली आणि स्टेशनवर तिला कळेना आपण कुठली ट्रेन पकडायची.

शनिवारी रुचा आली. अठरा वर्षांची, आखूड केस, आईसारखी उंच कपाळाची. दारात बूट काढून ते बाहेरच्या बाजूला तोंड करून नीट जोडून ठेवले, जपानी पोरी ठेवतात तसे. उल्कानं पोहे केले होते. रुचा खाताना "उमाय!" म्हणाली, मग जीभ चावून म्हणाली, "म्हणजे, मस्त झालेत." फॉर्मवर तिनं आईचं नाव जपानी चित्राक्षरं लिहावीत तसं सावकाश लिहिलं, खाली आपली सही केली. सगळं पाच मिनिटांत झालं. मग दोघी खाली गेल्या. रुचानं सायकल बघितली आणि एकदम लहान झाली. "नात्सुकाशी! काय काय आठवतंय! किती मोठी वाटायची ही!" म्हणत तिनं खोक्याच्या कडेवर हात फिरवला. तिनं मनात घोकलेलं वाक्य काढलं.

"रुचा, मला तुला एक सांगायचंय. भूकंपानंतर आम्ही पुण्याला गेलो ना, तेव्हा ह्या सायकलची किल्ली माझ्याच पर्समध्ये राहिली. तुझ्या आईला पाणी पायी आणावं लागलं असेल. सगळं पायी. मी कधी तिची माफी मागितली नाही गं."

रुचानं तिच्याकडे गोंधळून पाहिलं. "पायी नाही, मावशी. ह्याच सायकलवर."

"अगं, कुलूप होतं. किल्ली माझ्याकडे..."

"दुसरी होती ना." तिनं खांद्यावरच्या पिशवीतून एक जुडगा काढला, कावासाकीच्या घराचा असावा, आणि त्यातली एक किल्ली वेगळी धरून दाखवली. "माझ्या वाळूच्या बादलीत सापडली होती आईला. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात. मला चांगलं आठवतं, मी इथे आत बसायचे, सगळीकडे बाटल्या, वळणावर त्या माझ्या अंगावर यायच्या. आई म्हणायची, धर त्यांना, पडू देऊ नकोस. वरच्या आजींचं पाणीपण आम्हीच आणायचो. खूप मज्जा यायची." ती हसली. "आईनं सांगितलं नाही तुम्हाला?"

उल्काला खोक्यातलं ते आठवलं. निळं झाकण. तिनं स्वतःच्या हातानं उचलून फेकलेलं निळं झाकण. एक क्षणभर तिला वाटलं, सुटले. जीव भांड्यात पडावा तसं हलकं हलकं वाटलं. म्हणजे मेधाचे हात भरून आले नव्हते, पाठ दुखली नव्हती, काही झालंच नव्हतं! आणि लगेच तिला तो डबा आठवला. मग तो रिकामा का आला?

रुचा कुलपाशी खुडबुड करत होती. तिची किल्ली फिरली, गंजलेलं कुलूप खटकन उघडलं. ती पाठमोरीच बोलत राहिली, सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तशी. "तुम्ही गेलात त्या दिवसाचं मात्र मला नक्की माहीत नाही, खरंच झालं की स्वप्न होतं. मी शूज घालून दाराच्या आत बसले होते. पायरीवर. आईनं बॅग भरली होती, माझी लाल टोपी पण घातली होती. आई म्हणाली, उल्का मावशी बेल वाजवेल, मग आपण निघायचं. सकाळ होती, अजून अंधार होता थोडा."

"मग?"

"मग काही नाही. मला बाहेर सौमित्रचा आवाज आला. जिन्यात. माझं नाव घेतलं असं वाटलं. मी आईला म्हटलं, आले, आले! आई दाराला टेकूनच उभी होती. ती म्हणाली, नाही गं, भास झाला." रुचानं खांदे उडवले. "दुपारी तिनं माझे शूज काढले आणि वरण-भात दिला. स्वप्न असेल. चार वर्षांची तर होते."

स्वप्न नव्हतं. उल्काला जिना आठवला. एकदम, सगळाच्या सगळा. सूटकेसची चाकं वाजू नयेत म्हणून ती पाच मजले उचलून आणली होती, दोन्ही हातांनी, पोटाशी धरून. तिसऱ्या मजल्यावर तीनशे दोनच्या दाराखालून उजेडाची पट्टी येत होती. म्हणजे मेधा जागी होती. सौमित्र थांबला आणि म्हणाला, "आई, रुचा?" तिनं सूटकेस खाली ठेवली, अलगद ठेवली, आणि त्याच्या तोंडावर हात दाबला. त्याचे ओठ तळव्याला गरम लागले. बेल हाताच्या अंतरावर होती. गाडीत जागा नसेल, तिकिटं दोनच आहेत, अंबरीष ओरडेल, असं काही तिनं तेव्हा मनात आणलं म्हणावं तर ते खोटं. तिच्या मनात एवढंच होतं की दार उघडलं तर थांबावं लागेल. ती एक मिनिटसुद्धा थांबायला तयार नव्हती. आणि आतल्या बाजूला, वीतभर लाकडापलीकडे, मेधा दाराला टेकून उभी होती, तिनं सूटकेस ठेवल्याचं ऐकलं, उचलल्याचंही ऐकलं, आणि दार उघडलं नाही. उघडलं असतं तर उल्काला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मेधानं तेवढी लाज राखली तिची. आणि ही बाई चौदा वर्षं किल्लीसाठी रडत बसली होती.

"मावशी, दाइज्योबु? बरं वाटतंय ना?" रुचा विचारत होती.

"हो गं. थांब हं, वरून एक देते तुला." तिनं वर जाऊन तो कडीचा छोटा डबा काढला, शंकरपाळ्यांनी शिगोशिग भरला आणि खाली आणून रुचाच्या हातात दिला. रुचानं तो दोन्ही हातांनी घेतला, मान लववली. "डबा धुऊन पाठवते हं, पोस्टानं."

"पाठव. आणि रुचा, रिकामाच पाठव. त्यात काही घालू नकोस."

रुचाला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती "हाई" म्हणाली, जुडग्यातली किल्ली काढून उल्काच्या तळहातावर ठेवली, अगदी आईनं ठेवली होती तशी, आणि कोपऱ्यापर्यंत तीनदा मागे वळून हात हलवत गेली. उल्का सायकलपाशी उभी राहिली. ओनो-सान लांबून बघत होते, पण जवळ आले नाहीत. पिवळी चिठ्ठी वाऱ्यानं हँडलवर फडफडत होती. ती तिनं तशीच ठेवली.

लिफ्ट खालीच उभी होती, दार उघडं टाकून. ती जिन्यानं निघाली. पहिला मजला, दुसरा. गुडघे आता पूर्वीचे राहिले नाहीत. तिसऱ्यावर ती थांबली. तीनशे दोनला आता दुसरंच कुणी राहतं, दारावर नवी पाटी आहे, खाली लहान मुलाची छत्री टेकवून ठेवलेली. तिनं हात पुढे केला. बेल होती तिथेच होती. तिनं दाबली. आत, लांब कुठेतरी, दोन सुरांत वाजली, आणि लहान पावलं पळत दाराकडे आली, मागून कुणीतरी त्यांना थोपवलं. भिंतीवरच्या इंटरकॉमच्या जाळीतून एका बाईचा आवाज आला, "हाई? कोण आहे?"

उल्का त्या जाळीशी वाकली.

"मेधा, चल गं," ती मराठीत म्हणाली. "गाडी आली आहे. मागची सीट सगळी रिकामी आहे."